लाल बुश, काळा बुश आणि चिपळूणचा पाऊस

प्रश्न : मा. साहेब, माझ्याकडे वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा ती दीड दिवस पाण्यात उभी होती. इंजिन, वायरिंग, सीटा सगळं नंतर करून घेतलं, खालचं काम राहून गेलं. आता पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं की 'कट्' असा आवाज येतो. ब्रेक मारला की पुन्हा एकदा 'कट्' होतं आणि गाडी डावीकडे ओढते. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला मुलीकडे जातो, बाकी गाडी गावातच असते. एक मिस्त्री म्हणतो, लाल पॉलियुरेथेनचे बुश घाला, जन्मभर बघायला नको. दुसरा म्हणतो, नायलॉनचे लेथवर करून देतो, लोखंडासारखे टिकतील. पार्टवाला म्हणतो, माझ्याकडे जुना पेटीबंद माल आहे, तोच घ्या. मुलगी म्हणते, गाडीच काढून टाका. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी एक दुरुस्ती. साहेब नव्हे, बाई. दर महिन्याला सांगते, दर महिन्याला कुणीतरी साहेब करतंच. भोसरीच्या एमआयडीसीत रबराचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी विभागात होते. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं, आणि मी हट्टाने टेबलावरचा जुना ड्युरोमीटर, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र, मागून घेतला. शाल कपाटात आहे, ड्युरोमीटर पर्समध्ये.

आता तुमचे चार सल्ले. मुलीचा सल्ला बाद. उरलेल्या तिघांनी एक गोष्ट धरूनच चाललंय, की बुशच, म्हणजे चाकाच्या सांध्यातले रबरी तुकडेच, गेलेत. ते आधी बघू.

पद्मिनीला पुढे प्रत्येक बाजूला चाकाला गाडीशी जोडणारा वर एक आणि खाली एक आर्म असतो, मध्ये कॉइल स्प्रिंग. मागे पाटे. आर्मच्या चाकाकडच्या टोकाला किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचं, सगळं खटलं, आणि गाडीच्या अंगाकडच्या टोकाला आपले बुश. आवाज दोन्हीकडून येऊ शकतो. चाक जॅकवर उचला आणि वरून-खालून दोन हातांनी धरून हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनकडे बघा. चाक घट्ट असेल तर मग टॉमी, म्हणजे छोटी पहार, घ्या, खालचा आर्म आणि तो ज्याला जोडलेला असतो ती आडवी तुळई, म्हणजे क्रॉसमेंबर, यांच्या मध्ये घालून हलका रेटा द्या. चांगला बुश थोडा दबतो आणि परत येतो. गेलेला बुश 'टक्' करून लोखंडावर लोखंड आपटतो. ब्रेक मारल्यावरचा तुमचा आवाज मला याच जातीचा वाटतो. डावीकडचा आर्म ब्रेकच्या जोराने मागे सरकतो आणि गाडी तिकडे वळते. तरीही टॉमी घालून बघितल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

बुश गेलाय असं धरून पुढे लिहिते.

हा बुश म्हणजे एकात एक दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये रबर. मिस्त्री त्याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात प्रेसने ठोकून बसलेली, आतली नळी बोल्टने क्रॉसमेंबरला आवळलेली. चाक वर-खाली होतं तेव्हा या दोन नळ्या एकमेकींच्या मानाने फिरतात, पण कुठेही काहीही घसरत नाही. मधलं रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरा आणि मूठ जरा फिरवा. कातडी घसरली नाही, ताणली आणि परत आली. बुशमध्ये नेमकं हेच चालतं. दाराच्या बिजागरीला तेल लागतं कारण तिथे घसरण आहे. इथे घसरण नाही, म्हणून तेलही नको.

एवढं डोक्यात बसलं की साहित्याची निवड बरीचशी आपोआप होते. कुठल्याही नव्या साहित्याला एकच विचारायचं: तू पिळला जाणार, की घसरणार?

नायलॉन घसरणार. त्याला लवच नाही, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक ठोका सरळ पत्र्यावर. त्यात नायलॉन पाणी पितं. कोरड्या दिवसांत लेथवर काढलेला बुश चिपळूणच्या जुलैत फुगतो. तीस मिलिमीटरचा बुश एक टक्का जरी फुगला तरी ०.३ मिलिमीटर झाले, आणि टर्नरने ठेवलेली फट त्याहून कमी असते. मग आर्म जाम होतो, आणि ज्याला 'लोखंडासारखा टिकतो' म्हटलं तो बुश टिकतोच. बोल्ट आणि क्रॉसमेंबरचं भोक झिजतं. मी नायलॉनच्या विरोधात नाही. गिअरच्या दांड्याच्या सांध्यात छान चालतं. आर्ममध्ये नको.

पॉलियुरेथेनचं प्रकरण एवढं सरळ नाही. तेलाला ते रबरापेक्षा कितीतरी चांगलं तोंड देतं, झिजतही कमी. पण ते कडक असतं. माझ्या ड्युरोमीटरवर चांगला रबरी बुश साठच्या आसपास दाखवतो आणि बाजारातले लाल-पिवळे बुश ऐंशी ते नव्वदच्या घरात जातात. तुलना हवी तर टायरची नक्षी साठ-पासष्ट, आणि मालाच्या ट्रॉलीची पिवळी चाकं नव्वदच्या आसपास. दुसरं असं की हे बुश बहुतेक वेळा नळीला चिकटवलेले नसतात, नळी त्यांच्या आत फिरते. म्हणजे घसरण आली. घसरण आली म्हणजे ग्रीस आलं, तेही साधं नव्हे, पाण्याने न धुतलं जाणारं सिलिकॉन ग्रीस. ते ग्रीस संपलं की प्रत्येक स्पीडब्रेकरवर जुन्या पलंगासारखी कुरकुर. आणि चिपळूणच्या लाल चिखलात एकदा बारीक रेती त्या फटीत गेली की नळीवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. 'जन्मभर बघायला नको' म्हणणाऱ्या मिस्त्रीला विचारा, दर पावसाळ्यानंतर उघडून ग्रीस कोण भरणार? त्याचंही बिल होणारच आहे.

तिसरी गोष्ट पार्टवाले कधीच सांगत नाहीत. पॉलियुरेथेनची दोन घराणी आहेत, पॉलिएस्टर आणि पॉलिईथर. पहिलं मजबूत आणि तेलाला पक्कं, पण उबदार दमट हवेत पाणी त्याच्या साखळ्या हळूहळू तोडत जातं. तुम्ही हे घरीच बघितलं असेल. लग्नातले बूट पाच-सात वर्षांनी माळ्यावरून काढून घातले, दहा पावलं चाललात आणि तळव्याचा भुगा पडला. तो बहुतेक वेळा याच घराण्याचा फोम असतो. बुश भरीव असतो म्हणून इतक्या लवकर जात नाही, पण जात तीच. दमट हवेसाठी पॉलिईथरचा हवा. दुकानात विचारून बघा. मी नाना पेठेत विचारलं होतं, "पॉलिएस्टर की पॉलिईथर?" काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "लाल." मी परत आले. रंग हा फक्त रंग असतो. काही उत्पादक रंगावरून कडकपणा ओळखता यावा अशी सोय करतात, पण एकाचा लाल दुसऱ्याच्या लालशी जुळेलच असं नाही.

आणि शेवटचं, हे माझं मत म्हणून घ्या. चाळीस वर्षांच्या पत्र्याला मऊ बुश हवा. बुश कडक केला तर ठोका नाहीसा होत नाही, तो पुढच्या कमजोर जागेकडे जातो. तुमच्या गाडीत ती जागा म्हणजे पुराच्या पाण्यात भिजलेला क्रॉसमेंबर. शर्यतीला जाणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना चाक अंशभरही हलायला नको असतं आणि गाडी दर महिन्याला उघडायची असते. तुम्हाला मुलीकडे जायचंय. पॉलियुरेथेन घालायचाच मोह होत असेल तर वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे स्टॅबिलायझर बारच्या, बुशला घाला, तिथे माझी हरकत नाही.

मग राहिला काळा रबरी बुश. म्हणजे तुमचा पार्टवाला बरोबर? नाही. त्याच्या वाक्यातला 'जुना' हा शब्द मला खटकला.

रबर पेटीत पडूनही म्हातारं होतं. हवेतला ओझोन त्याला चिरा पाडतो, गरमीने ते कडक होतं, आतलं मेण आणि रसायनं हळूहळू पृष्ठभागावर येऊन संपतात. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर ही अडचण नव्हती. टॅक्सीवाले बुश खात होते, दुकानातला माल महिन्या-दोन महिन्यांत फिरत होता. गाडीचं उत्पादन कुर्ल्यात केव्हाच थांबलं होतं, तरी सुट्या भागांचा धंदा टॅक्सीने जिवंत ठेवला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली आणि पार्टवाल्यांकडे उरला तो न फिरणारा माल. पेटीवरचं लेबल जितकं अस्सल, तितकं आतलं रबर वयस्कर. क्लच प्लेट, दाराचं हँडल, काचेची पट्टी जुन्या पेटीतली मिळाली तर आनंदाने घ्या. रबर घेऊ नका.

ताजा रबरी बुश घ्या. नैसर्गिक रबराचा, कार्बन ब्लॅक घातलेला, साठच्या आसपास कडकपणा असलेला. पिळणं-सुटणं लाखो वेळा सहन करण्यात नैसर्गिक रबराचा हात धरणारं या किमतीत काही नाही. त्याचे शत्रू दोन, तेल आणि ओझोन. नायट्राइल रबर तेलाला चालतं, पण वारंवार पिळण्यात लवकर थकतं; ते ऑइल सीलसाठी ठीक.

आता ताजा म्हणून मिळालेला माल चांगला आहे हे कसं ओळखायचं? यावर मी पानंच्या पानं लिहू शकते, संपादक लिहू देणार नाहीत.

दोन नग जास्त घ्या आणि त्यांचा बळी द्या. पहिला मधोमध करवतीने कापा. रबर एकजीव, गडद, नळीपर्यंत भरलेलं दिसलं पाहिजे. बारीक भोकं, राखाडी ठिपके किंवा जुन्या टायरच्या गोदामासारखा वास आला तर त्यात रिक्लेम, म्हणजे जुनं रबर दळून घातलेलं आहे. मग कापलेल्या तुकड्यात पक्कड घालून रबर नळीपासून ओढा. आमच्याकडे ही रोजची परीक्षा होती. नळीला आधी वाळूचा मारा, मग प्रायमर आणि केमलॉक नावाचं चिकटद्रव्य लावून साच्यात रबर चिकटवलेलं असतं. ओढल्यावर रबर *फाटलं* पाहिजे, लोखंडावर काळा थर उरला पाहिजे. नळी चकचकीत, स्वच्छ उघडी पडली तर तो बुश चिकटलेला नव्हताच, नुसता दाबून बसवलेला होता. एकदा एका लॉटमध्ये तीस नग कापले, एकोणतिसावा चकचकीत निघाला. पूर्ण लॉट परत. सुपरवायझर दोन दिवस बोलला नाही.

मागच्या पाट्याच्या शॅकलमध्ये, म्हणजे पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या सांध्यात, नळी नसलेला नुसता रबराचा बुश असेल तर त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. किचनच्या वजनकाट्यावर बुशचं वजन करा. समजा ४६ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि बुश दोऱ्याने पाण्यात लोंबकळता धरा, पूर्ण बुडालेला, पण तळाला आणि कडेला न लागलेला. काटा आता जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं त्याचं आकारमान घनसेंटिमीटरमध्ये. समजा ४०. छेचाळीस भागिले चाळीस, १.१५. नैसर्गिक रबर एकटं पाण्यावर तरंगतं; कार्बन ब्लॅक घातलेलं बरं मिश्रण १.१ ते १.२ च्या दरम्यान असतं. तेच १.४ च्या वर गेलं तर तुम्ही रबराच्या भावाने खडू विकत घेतलाय. सूनबाईंचा काटा असेल तर आधी विचारा.

दुसरी परीक्षा व्हाइसची, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्याची. रबराची जाडी व्हर्नियरने मोजा, समजा २० मिलिमीटर. व्हाइसमध्ये १५ पर्यंत दाबा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत, म्हणजे बावीस-चोवीस तास तसंच ठेवा. सोडा, अर्धा तास थांबा, पुन्हा मोजा. १९ आला तर पाच मिलिमीटर दाबल्यापैकी एक परत आला नाही, म्हणजे वीस टक्के बसकण. प्रयोगशाळेत हीच परीक्षा सत्तर अंशाच्या भट्टीत करतात, त्यामुळे घरच्या तापमानाला आकडा याहून पुष्कळ कमी यायला हवा. घरी वीस टक्के आले तर मी तो बुश परत करते. दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं होतं.

कोल्हापूरला उद्यमनगरात किंवा भोसरीत कुणी साचा करून द्यायला तयार असेल तर कागदावर एवढंच लिहा: नैसर्गिक रबर, काळं, कडकपणा ६० अधिक-उणे ५, रिक्लेम नको, नळीला चिकटवलेला. हा कागद वाचून जो "हे सगळं कशाला?" म्हणेल तिथून उठा. तोंडी सांगू नका. तोंडी 'एक नंबर माल' याला कडकपणाचा आकडा नसतो.

आता बसवणं. तुम्ही पत्रात साहित्याबद्दल विचारलंत, पण माझ्या अनुभवात बुश साहित्याने मरतात त्याहून जास्त बसवण्याने मरतात. सगळ्यात मोठी चूक मी स्वतःच केलेली आहे.

आमच्याकडे १९७९ ची पद्मिनी आहे. २००९ मध्ये मी कारखान्यातून स्वतः तपासून आणलेले, ठणठणीत बुश पुढच्या चारही आर्मना घातले. नवरा जॅकच्या हँडलवर, मी खाली. गाडी स्टँडवर, चाकं हवेत लोंबलेली, आणि त्याच अवस्थेत सगळे बोल्ट कचकचून आवळले. वर हात झटकून चहा प्यायलो. आठ महिन्यांत चारपैकी तीन आर्मचे बुश फाटले. दुसऱ्यांचा माल नापास करण्यात आयुष्य गेलेली बाई, स्वतःचाच माल बघत बसली.

कारण सोपं होतं. बोल्ट आवळला त्या क्षणी आतली नळी पक्की झाली. रबराच्या लेखी 'आराम' म्हणजे चाक लोंबलेलं असतानाची स्थिती. गाडी खाली आली, आर्म वर गेला आणि रबर पिळलं गेलं. गाडी नुसती दारात उभी असतानाही ते पिळलेलंच. खड्ड्यात त्यावर आणखी पीळ.

दुसऱ्यांदा मी नेलपॉलिशची बाटली घेऊन गाडीखाली गेले. आतली नळी, रबर आणि बाहेरची नळी या तिघांवरून एक सरळ पांढरी रेघ ओढली. मुद्दाम जुन्या पद्धतीने एक बोल्ट हवेत आवळला आणि गाडी खाली घेतली. रेघ मोडली. बाहेरच्या नळीवरचा तुकडा आतल्यापासून जवळजवळ पाच मिलिमीटर सरकलेला, आणि मधल्या रबरावर ती रेघ तिरकी ताणलेली. मग बोल्ट सैल केला. 'टुक्' असा बारीक आवाज झाला आणि रेघ परत सरळ झाली. मी नवऱ्याला खाली बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "नेलपॉलिश महाग आहे ना?"

म्हणून तुमच्या मिस्त्रीला सांगा: बुश घाल, बोल्ट हाताने लाव, चाकं बसव, गाडी जमिनीवर घे. पिट असेल तर उत्तम, नाहीतर चारही चाकांखाली जाड फळ्या. पुढच्या सीटवर दोन माणसं बसवा, गाडी दोन-चारदा दाबून हलवा, आणि *मग* बोल्ट आवळ. तो कंटाळा करेल. तुम्ही तिथे उभे राहा.

बाकीचं थोडक्यात. जुना बुश काढताना गॅसने जाळू देऊ नका. धूर विषारी, आणि आर्म लाल होईपर्यंत तापवणं बरं नाही. प्रेस नसेल तर आतलं रबर ड्रिलने काढा, बाहेरच्या नळीला आतून करवतीने एक चीर पाडा, ती आपोआप आक्रसून सुटते. तुमच्या गाडीत पुराच्या गंजाने बोल्ट आतल्या नळीत धरला असेल. हातोड्याने ठोकत बसण्यापेक्षा कापून नवा घाला. आर्मचा डोळा आतून पॉलिश पेपरने साफ करा, लंबगोल झाला असेल तर तो आर्म घेऊ नका. नवा बुश बसवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा तेल नाही. प्रेसचा जोर बाहेरच्या नळीवर द्या, रबरावर नाही. दोन्ही बाजूंचे एकदम बदला आणि शेवटी अलाइनमेंट करून घ्या. आणि क्रॉसमेंबर उघडाच आहे तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक आत गेलं तर बुश थांबू द्या, आधी वेल्डरकडे जा.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्याआधी गाडीला खालून जळकं इंजिन ऑइल आणि डिझेलचा फवारा मारतात, गंज लागत नाही म्हणून. चालेल ना?
— दापोली

उत्तर : पत्र्याला चालेल, रबराला नाही. खनिज तेलात नैसर्गिक रबर फुगतं. एक जुना बुश दोन दिवस डिझेलच्या वाटीत ठेवा आणि मग अंगठ्याने दाबून बघा, मला पुन्हा विचारणार नाही. फवारा मारायचाच असेल तर आधी बुश, ब्रेकचे होज आणि स्टिअरिंगचे रबरी बूट यांना प्लास्टिकची पिशवी आणि दोरा बांधा. सर्व्हिसिंगवाला हसेल. त्याच्या पोराला दहा रुपये द्या, तो बांधून देतो. कुरकुरणाऱ्या बुशवर तेल सोडणाऱ्यांनाही हेच उत्तर. आवाज दोन दिवस थांबतो, म्हणून लोकांना वाटतं औषध लागू पडलं.

प्रश्न : मी मूळची डोंबिवलीची, सध्या बर्मिंगहॅमजवळ असते. १९७२ ची एमजीबी स्पोर्ट्स कार घेतली आहे. पुढच्या खालच्या आर्ममधले रबरी बुश वर्षाच्या आत चिरडून बाहेर आले. इथले सगळे पॉलियुरेथेन सांगतात. तुमचं मत?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर : तुमच्या गाडीची गंमत अशी की कारखान्यानेच तिचं उत्तर देऊन ठेवलंय. साध्या एमजीबीला त्या जागी दोन अर्ध्या रबरी टोप्या असतात, बाहेरच्या बाजूला लोखंडी नळी नाही. त्या दाबल्या की बाहेर फुगतात आणि कडेने तुटतात. १९७३ मध्ये एमजीबी जीटी व्ही-८ आली, तिला अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कारखान्याने नळीत चिकटवलेला एकसंध बुश घातला. तो तुमच्या आर्ममध्ये काही न कापता-घासता बसतो. 'व्ही-८ बुश' म्हणूनच तिथल्या दुकानात मागा, सगळ्यांना कळतं. तो घाला. पॉलियुरेथेनपेक्षा शांत चालेल आणि ग्रीसची कटकट नाही.

मात्र तुमच्या जुन्या टोप्या बोल्टवर थोड्याफार घसरून वेळ मारून नेत होत्या. चिकटवलेला बुश तसं करत नाही. त्यामुळे वर चिपळूणच्या काकांना जे नेलपॉलिश सांगितलं, ते तुम्हालाही लागू. तुमच्याकडे निदान बाटली घरात असेल.

प्रश्न : बुश किती किलोमीटरने बदलायचे?
— नाशिक

उत्तर : किलोमीटरने नाही, टॉमीने. वर वाचा. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर.

प्रश्न : माझ्याकडे आजोबांची महिंद्राची सीजे-३बी जीप आहे. पाट्यांच्या शॅकलला आत आटे असलेले लोखंडी बुश आहेत. रबरी बुश आणि साध्या शॅकलचा किट मिळतोय. जीप मऊ होईल म्हणतात. बदलू का?
— मिरज

उत्तर : नका बदलू. इतका वेळ मी रबराची वकिली केली, म्हणून तुम्हाला आश्चर्य वाटेल. पण तुमचा सांधा पिळण्यासाठी बनवलेलाच नाही, तो घसरण्यासाठी बनवलाय, आणि घसरण नीट व्हावी म्हणून त्याला आटे दिलेत. आट्यांमुळे टेकायला जागा भरपूर मिळते आणि ग्रीस आट्यांत साठून राहतं. प्रत्येक शॅकलला ग्रीस निपल आहे. आजोबांच्या काळात ग्रीस गन घेऊन कुणीतरी गाडीखाली जात होतं. तुमच्या पत्रावरून वाटतंय, अलीकडे कुणी गेलं नाही. जीप कडक वाटतेय ती शॅकल सुकल्यामुळे आणि पाट्यांच्या पानांमध्ये गंज धरल्यामुळे. पाटे उतरवून पानं सुटी करा, घासून साफ करा, ग्रीस लावून परत बांधा. मग सांगा मऊ झाली की नाही.

निपल बंद झाले असतील तर बदला, स्वस्त असतात. नवं ग्रीस दोन्ही टोकांनी बाहेर येईपर्यंत गन मारा. आधी काळं येईल, मग तांबूस, मग स्वच्छ. तेव्हा थांबा. सीलच्या रिंगा फाटल्या असतील तर त्याही नव्या घाला, नाहीतर ग्रीसबरोबर मिरजेची धूळही फुकट आत.

बुश खोलायची वेळ आलीच तर एक सांभाळा. सगळ्या शॅकलचे आटे एकाच दिशेचे नाहीत, काहींचे उलटे आहेत. शॅकलच्या दांड्यावर बोट फिरवा. घडाईतच आलेला एक बारीक उंचवटा बोटाला लागला तर ती उलट्या आट्याची. तो उंचवटा न बघता पाइपचा तुकडा पान्ह्यावर चढवून जोर लावणारे मिस्त्री मी पाहिलेत. आधी ते म्हणतात "गंजलंय", मग "जाम आहे", आणि मग शॅकल तुटते.